ऑनलाइन तासाला शिकलेलं संशोधन आणि गुऱ्हाळावरचे ३४ फॉर्म

कासारीकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी दिवसा एका पतसंस्थेत काम करते आणि यंदा एम.ए. अर्थशास्त्राला ऑनलाइन प्रवेश घेतला आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्याच वर्षी 'संशोधन पद्धती' हा ४ क्रेडिटचा विषय सक्तीचा झालाय. आमचा तास रात्री आठ ते साडेनऊ. घरात रेंज येत नाही म्हणून मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसते.

पहिल्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहून पाठवा. मी लिहिलं, 'कोल्हापूर जिल्ह्यातील गुऱ्हाळघरे का बंद पडत आहेत?' आजोळी गुऱ्हाळ होतं, लहानपण चिपाडाच्या गंजीवर उड्या मारण्यात गेलंय, तेव्हा विषय शोधायला लागलाच नाही. मॅडमनी वाचलं आणि विचारलं, "बंद पडताहेत हे तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हटलं, सगळेच म्हणतात. "मग 'का'च्या आधी 'किती' लिहा. आणि 'जिल्ह्यातील' खोडा. १२ तालुके फिरणार आहात का?"

तीन आठवडे ते एक वाक्य घासत होते. शेवटी असं झालं: 'माझ्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत गेल्या २० वर्षांत कोणती गुऱ्हाळे बंद झाली, आणि त्यांचे मालक व कामगार त्याची काय कारणे सांगतात?' मॅडमना त्यातला 'सांगतात' हा शब्द आवडला. सांगितलेलं कारण वेगळं आणि खरं कारण वेगळं असू शकतं, हे त्या शब्दानं मान्य केलंय म्हणाल्या. मला तर त्या दिवशी काहीतरी हाताला लागल्यासारखं वाटलं.

आता अडचण सांगते. मी २० विधानांचा फॉर्म केला. प्रत्येकासमोर पाच पर्याय: पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. चार रविवार फिरून ३४ जणांकडून भरून घेतला. रात्री सगळं संगणकात भरायला बसले तेव्हा दिसलं की सहावं विधान 'गुऱ्हाळ चालवणे आज परवडते' आणि सतरावं 'गुऱ्हाळ चालवण्यात तोटाच होतो', या दोन्हींवर ३४ पैकी २१ जणांनी 'सहमत' म्हटलंय.

सुरुवातीला वाटलं मीच भरताना चुकले. मग गूळ शिजवणाऱ्या एका गुळव्या मामांकडे परत गेले. ते काहिलीपाशी उभे होते. मी विचारलं, "मामा, तुम्ही दोन्हीला हो कसं म्हटलं?" त्यांनी फावड्यावर थोडा उकळता रस घेतला, पाण्याच्या वाटीत सोडला, बोटांनी वळून बघितला. गोळी झाली नव्हती. परत काहिलीकडं बघत म्हणाले, "पोरी, तू एवढ्या लांबनं आलीस. न्हाई कसं म्हणायचं?"

१८ दिवसांनी अहवाल द्यायचा आहे. हे ३४ फॉर्म टाकून द्यावेत का? आणि मोठा प्रश्न हा, की पडद्यासमोर बसून संशोधन शिकता येतं का? जे शिकले ते खरंच मोलाचं वाटतं, पण गुऱ्हाळावर गेल्यावर त्यातलं निम्मं हातातून निसटलं.

---

मुंगी_आली

गूळ म्हटल्यावर मी येणारच. पहिला नंबर माझा. आता वाचते.

---

तांबडा_पांढरा

ताई, नाद खुळा लिहिलंय. "न्हाई कसं म्हणायचं" वाचून आमचे चुलते डोळ्यांसमोर आले. आमच्यात दारात आलेल्या माणसाला नाही म्हणतच नाहीत. बँकेचा माणूस आला तरी हो, विमावाला आला तरी हो, सर्वेवाला आला तरी हो. तो गेल्यावर मग काय खरं ते बोलतात. फॉर्म घेऊन जाणाऱ्यानं चहा संपेपर्यंत थांबायला पाहिजे. खरं उत्तर दुसऱ्या कपाला मिळतंय.

---

कार्डवाले_सर

कासारीकाठची, फॉर्म टाकू नका. मी ३० वर्षे अर्थशास्त्र शिकवले, आता निवृत्त आहे. दोन उलट विधानांना एकाच माणसाने होकार देणे ही तुमची चूक नव्हे. प्रश्नावलीच्या शास्त्रात याला होकाराचा कल म्हणतात. हा कल पकडण्यासाठीच जाणकार लोक मुद्दाम उलटसुलट विधाने घालतात. तुम्ही नकळत घातलीत आणि तो पकडलात. ही पाच पर्यायांची मोजपट्टी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. तेव्हापासून जगभर वापरली जाते, आणि तेव्हापासूनच हा दोषही तिच्यासोबत फिरतो आहे.

आता तुमच्या मोठ्या प्रश्नाबद्दल. माझे मत स्पष्ट सांगतो: पडद्यावर शिकता येत नाही. मी पीएच.डी. करत होतो तेव्हा शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात सकाळी उघडताना जायचो आणि बंद होताना निघायचो. सूचीच्या कप्प्यांतून एकेक कार्ड चाळायचे, पुस्तक मागवायचे, टिपण स्वतःच्या कार्डावर घ्यायचे. बुटांच्या खोक्यांत माझी कार्डे भरलेली असत. एका कार्डाशेजारचे दुसरे कार्ड हाताला लागायचे आणि विषयाला भलतीच वाट फुटायची. शोधखिडकीत शब्द टाकला की तेवढेच येते. शेजारचे येत नाही.

---

दोन_पाळ्या

सर, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहिते. ग्रंथालय उघडताना जाणं आणि बंद होताना निघणं ज्यांना जमतं त्यांच्यासाठी ते ठीक आहे. मी शिरोली एमआयडीसीत पाळीत काम करते, लहान मुलगी आहे. माझा अभ्यास रात्री अकरानंतर. ऑनलाइन नसतं तर मी संशोधन पद्धती हा शब्दही ऐकला नसता. माझा तास मी तीनदा बघते. मॅडमचं नमुना निवडीचं व्याख्यान मुलीला झोपवताना कानात घालून ऐकलंय. वर्गात बसले असते तर एकदाच ऐकलं असतं, आणि तेही पेंगत.

आणि सगळे प्रत्यक्ष वर्ग तुमच्यासारखे नसतात हो. आमच्या नात्यातल्या एकाचं पीएच.डी.चं कोर्सवर्क म्हणजे रविवारी जाऊन सह्या करून यायचं.

---

कार्डवाले_सर

दोन_पाळ्या, तुमचे म्हणणे मान्य आहे. मी माझ्या सोयीचे जग धरून बोललो.

---

फॉन्टवाला

सरांच्या 'शेजारचं कार्ड' या मुद्द्यावर थोडं. शेजारचं इथंही मिळतं, फक्त शब्द बदलून बघायची सवय लागते. या धाग्याचंच उदाहरण घ्या.

'गुऱ्हाळ' हा शब्द शोधायचा तर तीन वेळा शोधावा लागतो. एक, 'गुऱ्हाळ': यात खाली टिंब असलेला ऱ असतो. दोन, 'गुर्हाळ': साध्या र ने टाइप केलं की ह वर रफार चढतो, बऱ्याच जुन्या पानांवर असंच आहे. तीन, 'गु-हाळ': जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना कित्येकांनी मध्ये चक्क आडवी रेघ मारून काम भागवलं. आपल्या डोळ्याला तिन्ही एकच, संगणकाला तीन वेगळे शब्द. 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात मराठी प्रबंध आहेत, पण असं फिरवून शोधलं नाही तर 'काहीच सापडलं नाही' म्हणून माणूस परत येतो.

इंग्रजीत तर आणखी गंमत. 'जॅगरी' टाकलं की आपल्याकडचं येतं. 'नॉन-सेंट्रिफ्युगल शुगर' टाका, मग कोलंबियातला 'पानेला' येतो, ब्राझीलचा 'रापादुरा' येतो, जपानचा 'कोकुतो' येतो. सगळी गुळाचीच भावंडं. कोलंबियातही छोट्या छोट्या घाण्यांवर पानेला करतात, त्यावर भरपूर अभ्यास झालाय.

---

कासारीकाठची

@फॉन्टवाला दादा, आत्ता तुमचं वाचून 'गु-हाळ' टाकून बघितलं. एक जुना लेख मिळाला, ज्यात आमच्या शेजारच्या गावाचं नाव आहे! दोन महिने शोधतेय मी. पानेलाचं तर माहीतच नव्हतं. मॅडमनी 'समानार्थी शब्दांची यादी करा' म्हणून एक कोष्टक दिलं होतं, मी त्यात गूळ, गुऱ्हाळ, ऊस एवढंच लिहून सोडून दिलं होतं.

---

पास_झालो_बाबा

मी सरळ सांगतो. अहवाल द्या आणि मोकळ्या व्हा. हा विषय ४ क्रेडिटचा आहे, तुमची पीएच.डी. नाही. ३४ फॉर्म आहेत, तक्ते करा, दोन आलेख टाका, निष्कर्षात 'शासनाने अनुदान द्यावे' लिहा. तपासणाऱ्याला शेकडो अहवाल बघायचे असतात. नोकरी करून शिकताय, जीव जाळू नका. मनापासून सांगतोय, मीही नोकरी करूनच शिकलोय.

---

कासारीकाठची

@पास_झालो_बाबा, काळजीनं लिहिलंत, आभार. पण मला ते जमणार नाही. आजोबांचं गुऱ्हाळ बंद झालं तेव्हा घरात प्रत्येकानं वेगळं कारण सांगितलं. मामा म्हणाले दर नव्हता. आजी म्हणाली मामांचं लक्ष नव्हतं. आजोबा कधीच काही बोलले नाहीत. खरं काय ते मला हवंय. आणि त्या २१ जणांच्या खोट्या 'हो'वर आलेख काढला तर मी त्यांच्याबद्दल खोटं लिहिलं असं होईल.

---

पास_झालो_बाबा

पटलं. मग जरूर करा.

---

महापूर_२०१९

असाच अनुभव माझा आहे, वेगळ्या विषयातला. मी पदवीच्या प्रकल्पासाठी आमच्या गल्लीत पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते विचारत फिरलो. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही पुरांचं. लोक भिंतीवर हात ठेवून दाखवायचे, "इथवर." एकाच घरात आई छातीएवढं दाखवायची आणि मुलगा गुडघ्याच्या वर. दोघंही खोटं बोलत नव्हते. आईला २०१९ आठवत होतं, मुलगा २००५ ला लहान होता आणि २०२१ चं सांगत होता. 'पूर' म्हटल्यावर कोण कुठला पूर धरतो हेच मी विचारलं नव्हतं.

मग प्रश्न बदलला. "पाणी आलं तेव्हा घरात कोणती वस्तू उचलून वर ठेवलीत? कुठं ठेवलीत?" हे बरोब्बर आठवतं. टीव्ही कपाटावर, धान्याची पिंपं माळ्यावर, शिवणयंत्र शेजारी दुसऱ्या मजल्यावर. वस्तूवरून उंची कळते, आणि ती कुठल्या वर्षीची हेही कळतं, कारण ते शिवणयंत्र कधी घेतलं ते घरात सगळ्यांना पाठ असतं. ते मी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीशी ताडून बघितलं. आपल्याकडं ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्यामुळं लोकांची आठवण आणि बंधाऱ्याचे आकडे यांचा मेळ घालता आला.

ताई, तुम्हीही मत विचारू नका. झालेली गोष्ट विचारा.

---

घडी_मोडी

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी जुन्या कागदांत रमणारा माणूस. आपल्या कोल्हापूरच्या पुरालेखागारात करवीर संस्थानचं दप्तर आहे, बरंचसं मोडीत. मोडी मी चाळिशीनंतर शिकलो, तीही निम्मी ऑनलाइन. अक्षरओळख पडद्यावर झाली. पण कारकुनाचं हस्ताक्षर वाचता येणं कागदासमोर बसूनच आलं. प्रत्येकाची लेखणी उचलायची ढब निराळी. म्हणून मी दोन्ही पक्षांत आहे.

कागदाबद्दल एक सांगतो. कागदही तुमच्या गुळव्यासारखाच 'हो' म्हणतो. १८८६ चं कोल्हापूरचं इंग्रजी गॅझेटियर आहे, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला २४ वा खंड. आज घरबसल्या वाचायला मिळतं. त्यातली शेती-व्यापाराची माहिती सोन्यासारखी आहे. पण ते कुणी लिहिलं आणि कशासाठी, हे विचारूनच वाचावं लागतं. राज्य चालवणाऱ्याला जे मोजावंसं वाटलं ते त्यात मोजलंय. काहिलीखालच्या चुलवाणात चिपाड सारणाऱ्या माणसाला काय मिळत होतं ते शोधायला दुसरीकडं जावं लागतं.

तुमच्या विषयाला जोडून: शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवून गुळाची बाजारपेठ उभी केली. म्हणजे गुळाच्या कागदांचा माग तिथपर्यंत जातो. तुम्हाला एवढ्या मागं जायचं नाही. पण गुऱ्हाळवाल्यांच्या घरी हिशेबाच्या वह्या असतात. पेटीत, माळ्यावर, देव्हाऱ्याखाली. त्या बघितल्या का?

---

कासारीकाठची

नाही. सुचलंच नाही. फॉर्मच डोक्यात होता.

---

सुगरण_करवीर

जरा विषयांतर करते, राग मानू नका. गुळव्या मामा रसात भेंडी घालतात का हो अजून? आमच्या लहानपणी भेंडीची झाडं ठेचून, पाण्यात कुस्करून ते बुळबुळीत पाणी उकळत्या रसात घालायचे. सगळी मळी वर यायची, ती झाऱ्यानं काढून टाकायची. तो गूळ काळपट तांबूस असायचा, पण चव काय सांगू. आता पिवळाधमक गूळ बघितला की मी दुकानदाराला विचारते, हायड्रॉस पावडर घातलीय का?

---

तांबडा_पांढरा

मावशी, पिवळा गूळ गिऱ्हाईकच मागतंय. पेठेत काळसर रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, दर कमी लागतो म्हणून गुऱ्हाळवाला घालतो. आता उलटं झालंय, शहरातली माणसं 'केमिकल नको' म्हणून काळाच गूळ जास्त पैसे देऊन नेतात. पूर्वी ३० किलोचा रवा असायचा, आता एक किलोचा, अर्ध्या किलोचा डबा. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले होते.

---

मुंगी_आली

गुळाच्या आनंदात पेढे? हा गुळावर अन्याय आहे.

---

दोन_पाळ्या

हे विषयांतर नाही बरं का. ताईंच्या कारणांच्या यादीत 'रंगामुळे दर' हे कारण आहे का? नसेल तर हा धागाच फॉर्मपेक्षा जास्त माहिती देतोय.

---

कासारीकाठची

नव्हतं! वहीत लिहून घेतलं. भेंडीचं मामांना विचारते.

---

अर्धवट_प्रबंध

मी पण ऑनलाइन वर्गातलाच, दुसऱ्या विषयाचा. एक सावधगिरीची गोष्ट. आमच्या गटातल्या एकानं संदर्भांची यादी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून करून घेतली. यादी बघून डोळे दिपले. लेखकाचं नाव, वर्ष, नियतकालिक, पान क्रमांक, सगळं जागच्या जागी. तपासायला गेलो तर त्यातले काही लेख अस्तित्वातच नव्हते. नियतकालिक खरं, लेख नाही. त्या दिवशी मला संदर्भ देण्याचा खरा अर्थ कळला. सांगितलेली वाट धरून दुसरा माणूस तिथं पोचला पाहिजे, एवढंच.

आमच्या कॉलेजचं मात्र सांगायला हवं. संदर्भलेखनाची शैली कोणती ते तीन वेळा बदललं, ईमेलला उत्तर नाही, चर्चेच्या पानावर आम्हीच आम्हाला उत्तरं देतोय. फी वेळेत भरली नाही की मात्र दुसऱ्या दिवशी संदेश येतो. याचा त्रास होतो हो. शिकायची तळमळ असलेली पोरं यात गळतात.

---

कार्डवाले_सर

अर्धवट_प्रबंध, हे वाचून वाईट वाटले. ऑनलाइन शिक्षणाला माझा विरोध होता त्याचे खरे कारण आता माझ्या लक्षात येते आहे. पडदा हा दोष नव्हे. विद्यार्थ्याने लिहिलेले कुणीतरी वाचून त्यावर लाल शाई उठवणे हे संशोधन शिकण्यातले मुख्य काम. कासारीकाठचीच्या मॅडमनी 'का' खोडून 'किती' करवले, ते रात्री आठ वाजता, पडद्यावर. माझ्या गाईडने माझे पहिले प्रकरण चार वेळा परत केले होते. काम तेच.

आता नियमाने 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांतून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय करता येतात. विषय वाढतील तशी लाल शाईवाली माणसेही वाढली पाहिजेत.

तुमच्या संदर्भांत काही अडचण असेल तर मला निरोप पाठवा. वेळ आहे.

---

महाद्वारची_लेक

'नाही' या उत्तराबद्दल लिहायचं होतं. अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरात ९, १०, ११ ला असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. पण ढग असले, हवेत बाष्प किंवा धूळ असली, वाटेत काही अडथळा आला तर किरणं पोचत नाहीत. अभ्यासक लोक दरवर्षी वेळ लावून बघतात: किती वाजता कुठल्या पायरीवर, कुठं मावळली. पोचली नाहीत तेव्हाही तेवढ्याच निगुतीनं लिहून ठेवतात. त्या नोंदींमुळेच अडथळे कुठले ते कळलं.

ताई, तुमचे ३४ फॉर्म म्हणजे न पोचलेली किरणं आहेत. लिहून ठेवा.

---

घडी_मोडी

महाद्वारची_लेक, वा!

---

शेवटचा_बाक

मी फक्त एक विचारतो. फॉर्म भरून घेताना मालक कुठं बसले होते?

---

कासारीकाठची

@शेवटचा_बाक, तुमचा प्रश्न वाचून मी पतसंस्थेत होते तिथंच थांबले. मालक शेजारी बसले होते. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी. खुर्ची त्यांनीच दिली, चहा त्यांनीच सांगितला, गुळव्याला हाकही त्यांनीच मारली, "ये रं, ताईला सांग." त्यांच्यासमोर तो माणूस परवडतं म्हणणार का परवडत नाही म्हणणार? मजुरीबद्दलची विधानं होती चार. ती मी मालकासमोर वाचून दाखवली.

संमतीपत्रावर सगळ्यांची सही घेतली होती. तासाला शिकवलं तसं. पण मालकासमोर सही दिलेल्या कामगाराची संमती किती त्याची, हा प्रश्न मला पडला नव्हता. लाज वाटली. आज रात्री मॅडमना विचारते.

---

शेवटचा_बाक

लाज कसली. माझे वडील गुळवे होते, म्हणून विचारलं. ते मालकासमोर कधी बसलेसुद्धा नाहीत. पहाटे चार वाजता जा. पहिल्या आदणाला, म्हणजे रसाची पहिली काहील चढते तेव्हा, मालक नसतो.

---

*(बारा दिवसांनी)*

कासारीकाठची

मंडळी, आले परत. सगळ्यांचं ऐकलं.

मॅडमशी बोलले. त्यांनी पाच मिनिटांचं बोलणं पाऊण तास चालवलं, बाकीची मुलंही थांबली. ठरलं ते असं: ३४ फॉर्म परिशिष्टात जातील, आणि पद्धतीच्या प्रकरणात ते का वापरता येत नाहीत हे तपशिलात लिहायचं. मुख्य भाग नव्या मुलाखतींवर. कमी चालतील, पण नीट. कामगारांचं नाव, गाव काही येणार नाही, आणि मालक-कामगार वेगवेगळे भेटणार.

दोन रविवार आणि रजेचे तीन दिवस पहाटे गेले. भाऊ गाडीवरून सोडायचा. कडाक्याची थंडी आणि चुलवाणाजवळ तेवढीच धग. फॉर्म नेलाच नाही. महापूर_२०१९ दादांनी सांगितलं तसं झालेलं विचारलं: "गेल्या हंगामात शेवटचं आदण कधी उतरलं? त्या दिवशी कामाला कोण कोण होतं? त्यातलं यंदा कोण नाही? ते कुठं गेले?" शेवटच्या प्रश्नाला माणसं बोलायला लागली की थांबेनात. कोण साखर कारखान्यात रोजंदारीवर लागला, कुणाचा मुलगा म्हणाला आगीपाशी उभं राहायचं नाही, कुणाचे डोळे गेले धुरानं. फॉर्ममध्ये सगळ्यांनी 'दर नाही' याला सहमती दिली होती. एकाही गुळव्यानं दराचं नाव आपणहून काढलं नाही. मालकांनी काढलं. दोन्ही तसंच लिहिलंय. कुणाचं खरं ते तीन गावांवरून मला ठरवता येत नाही.

गुळव्या मामांनी तर मला रस वळून बघायला लावला. गार पाण्यात पडल्यावर तो बोटाला आधी चिकटतो, मग एका क्षणी सुटतो आणि गोळी होते. "हे कसं लिहिणार तुझ्या वहीत?" म्हणाले. लिहिलंय, अर्धं पान.

घडी_मोडी काका, वही मिळाली. एका बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या मालकीणबाईंनी ट्रंकेतून काढून दिली. सासऱ्यांच्या हातची. रोज किती आदणं, किती रवे, कुणाला किती मजुरी, शेवटच्या हंगामापर्यंत सगळं. मजुरीच्या रकान्यातली नावं वर्षागणिक गळत गेलेली दिसतात. पण काही आदणांपुढं छोटा गोल काढलाय, आणि तो कशाचा ते घरात कुणालाच माहीत नाही. फोटो काढायची परवानगी दिली आहे, पण इथं टाकत नाही. तुम्हाला काही सुचतं का?

---

घडी_मोडी

गोल म्हणजे पूर्णविराम असेल किंवा पैसे चुकते झाल्याची खूण. पण अंदाजावर जाऊ नका. त्या वहीत ज्यांची मजुरी लिहिली आहे त्यांतलं कुणी हयात आहे का? असेल तर वही घेऊन त्यांच्याकडं जा.

---

कार्डवाले_सर

तुमचे पद्धतीचे प्रकरण मला वाचायला द्याल का? माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना दाखवायचे आहे. अर्थात तुमच्या परवानगीने.

---

दोन_पाळ्या

गोलाचं कळलं की आधी इथं सांगा. मी दुपारपासून तोच विचार करतेय.

---

कासारीकाठची

सर, नक्की पाठवते. तुमची लाल शाई हवीच आहे.

आणि गोलाचं कळलं. वहीतल्या नावांपैकी दोघं हयात आहेत. एक आपले गुळव्या मामाच. काल पहाटे वही नेली. त्यांना वाचता येत नाही. मी तारखा वाचत गेले, ते ऐकत राहिले, आणि चौथ्या-पाचव्या गोलाला म्हणाले, "त्या दिवशी भेंडी नव्हती. भेंडी नसली की मालक खूण करायचे. तो गूळ काळा व्हायचा, पेठेत दर तुटायचा."

सुगरण मावशी, तुम्ही भेंडीचं विचारलं नसतं तर मी त्यांच्याशी भेंडीचं बोललेच नसते. आता सगळे गोल हंगामवार मोजायला बसतेय. अहवालाला अजून तीन दिवस आहेत.